लिनक्सवाल्यांनी ट्रस्ट करावा का? सोलापुरातला माझा अनुभव

आमचा गट अगदी बिनकागदी होता. शाळांच्या अडगळीतले कॉम्प्युटर उचलायचे, त्यांवर लिनक्स ही फुकट, खुली ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची, पोरांना त्यावरचं वर्ड-एक्सेलसारखं लिब्रेऑफिस शिकवायचं, आणि सरकारी कचेऱ्यांनीही मुक्त सॉफ्टवेअर वापरावं म्हणून निवेदनं द्यायची. पैसे लागले की वर्गणी. मग एका मुख्याध्यापकांनी विचारलं, "काम चांगलंय हो, पण उद्या ऑडिटला मी पत्र कुणाच्या नावाचं दाखवू?" तोवर दुरुस्त मशिनी एका मित्राच्या जुळे सोलापुरातल्या घरी आणि वर्गणी त्याच्याच बचत खात्यात. त्याच्या वडिलांनी पासबुक बघितलं आणि नोंदणीचा विषय रेटूनच धरला.

आम्हाला भुरळ होती ८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणाऱ्या मान्यतेची. सीएंनी ती पहिल्याच बैठकीत उतरवली. "देणगी देणार कोण?" पुण्या-हैदराबादला नोकरीला गेलेली आपलीच पोरं. "मग त्यातले बहुतेक नव्या करप्रणालीत असणार. तिथं ८०जीची वजावटच नाही!"

दुसरा मुद्दा आमच्या निवेदनांचा. ती देणं गैर नाही, पण त्याला शिक्षण म्हणता येत नाही. आयकराच्या हिशेबात ते सार्वजनिक उपयोगितेच्या वर्गात जातं. आणि त्या वर्गातल्या संस्थेची धंदेवाईक स्वरूपाची फी एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली, की त्या वर्षीची करमाफी गेली. आमच्यातल्या एकाला चादरीच्या दुकानांत बिलिंग बसवून संस्थेसाठी पैसे उभे करायचे होते. ते त्यानं स्वतःच्या नावावर करावं, असं ठरलं. थोडा रुसला, पण त्याचा धंदा आता बरा चाललाय.

कागदपत्रांचं फार कौतुक नको: घटना, ठराव, आधार, पॅन, जागेचं लाइट बिल, मालकाचं ना-हरकत पत्र. १८६० च्या कायद्यानं सोसायटी आणि १९५० च्या कायद्यानं सार्वजनिक न्यास म्हणजे ट्रस्ट, दोन्ही नोंदी धर्मादाय कार्यालयातच होतात.

खरी कसरत सात माणसांची. सोसायटीला किमान सात जण लागतात. सात काय, सत्तर सह्या मिळाल्या असत्या. पण सोलापुरातलं कोडिंग येणारं पोरगं कॅम्पस झाला की गेलंच पुण्याला. कार्यकारिणीत कुणी बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा, तो मंजूर होईपर्यंत बँकेत सह्यांचा घोळ. म्हणून आम्ही उलटं केलं. कार्यकारिणीत निवृत्त गणिताचे सर, सूत व्यापारी काका, कॉम्प्युटर दुरुस्तीवाले दादा, अशी गाव न सोडणारी माणसं घेतली. सरांना टर्मिनल उघडता येत नाही, पण इतिवृत्त असं लिहितात की सीएसुद्धा खूश.

प्रमाणपत्र आलं, खातं संस्थेच्या नावानं उघडलं, मशिनींची नोंदवही झाली. १२एचा, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या करमाफीचा, अर्ज भरलाय. ८०जी तूर्त बाजूला ठेवलंय. एखादी कंपनी सीएसआरमधून, म्हणजे तिच्या सामाजिक कामाच्या निधीतून, लॅब द्यायला पुढं आली तर दोन्ही मागेल, तेव्हा बघू.