रेट कमी का करत नाहीस? विचारलंत म्हणून सांगतो

"मंदी आहे, सगळे कमी करतायत, तूच तेवढा लग्नाच्या फोटोंचा रेट धरून बसलायस." गिऱ्हाईक म्हणतं, पाहुणे म्हणतात, परवा मेहुण्यानं भर जेवणात विचारलं. दरवेळी विषय बदलतो, आज एकदाचं लिहूनच टाकतो.

इचलकरंजीत लग्नाचे फोटो काढणाऱ्याचं पोट पण यंत्रमागावरच असतं, त्याच्या घरात एक माग नसला तरी. सुताचा भाव चढला, कापडाला उठाव नाही, की पहिलं प्री-वेडिंग जातं, मग ड्रोन, मग अल्बमची पानं. जेवणावळीला कोण हात लावत नाही. लावावा असंही मी म्हणत नाही, पण कात्री आधी आमच्यावरच येते हे खरं आहे.

आणि मी कधी कमी केलाच नाही असं नाही. २०१६ ला केला होता. ८ नोव्हेंबरला नोटा बंद झाल्या, तुळशीचं लग्न तोंडावर, म्हणजे आमचा सीझन. इथं कामगाराचा पगार आठवड्याला रोखीत, तोच अडकला तर लग्नाला पैसा कुठला. बँकेतनं आठवड्याला २४ हजार निघायचे, लग्नघराला अडीच लाखांची सवलत होती पण तिच्या अटी बघूनच बरेच जण माघारी आले. मी म्हटलं, गेलेली तारीख काय परत येत नाही, निम्म्यात करू.

निम्म्यात केलं तरी लॅबनं अल्बमचा दर सोडला नाही, व्हिडिओ मिक्सिंगवाल्यानं सोडला नाही, कॅमेऱ्याचा हप्ता तेवढाच. मग कमी कुणाचं होणार, तर माझ्याबरोबर दुसऱ्या कॅमेऱ्यावर उभा राहणाऱ्याचं. वयानं मोठा, मी दादाच म्हणायचो. मी नवरा-नवरी धरली की तो नवरीच्या आईबापांवर असायचा, कधी सांगायला लागलं नाही. सीझन संपल्यावर दुकानात हिशेबाला बसलो. त्याचा कॅमेरा काउंटरवर होता, ग्रिपचं रबर सुटलेलं, फेविक्विकनं चिकटवून तिथं पांढरं पडलेलं. मी पैसे पुढं केले. त्यानं मोजलेसुद्धा नाहीत. "पोराची फी भरायची होती रे, बघतो कायतरी" एवढंच म्हणाला. भांडला असता तर बरं वाटलं असतं मला. पुढच्या सीझनला फोन केला तर म्हणाला कॅमेरा विकला, सायझिंगला, म्हणजे सुताला खळ लावतात तिथं, कामाला जातोय.

त्याच्यासाठी रेट धरलाय असं म्हटलं तर ऐकायला चांगलं वाटेल, पण तेवढंच खरं नाही. त्या वर्षीचे हप्ते त्या निम्म्या रेटच्या ऑर्डरींनीच फिटले. तेव्हाचा मी आज समोर आला तर म्हणेल, तारखा सोडल्या असत्या तर दुकान राहिलं असतं का? काय सांगू त्याला. पण वर्षभरानं तेच लोक आले आणि म्हणाले, "मागं एवढ्यातच केलंस की." खाली यायला एक फोन पुरतो, वर चढायला वर्षं गेली, आणि चढतोय तोवर लॉकडाऊन.

२०२१ च्या एप्रिलात नियम आला, २५ माणसं आणि दोन तासांत लग्न उरका. लगेच लग्नघरचे म्हणाले, दोनच तास आहेत, निम्मे घे. अहो अक्षता दोन तासांत पडल्या काय आणि दोन दिवसांत काय, एकदाच पडतात, उलट घाईत दुसरा कॅमेरा जास्तच लागतो. त्या तारखा गेल्या माझ्या.

पैसे कमी करायचेत तर काम कमी करा, ड्रोन नको, पानं कमी घ्या, तेवढे मी वजा करतो. दुसरा माणूस काढा म्हणालात तर नाही. मंगळसूत्र घालताना नेमका फोकस चुकला किंवा मेमरी कार्ड उडालं तर परत घाला म्हणता येत नाही. नवी पोरं हप्त्यावर मिररलेस कॅमेरा घेऊन एकट्यानं, निम्म्यात करतायत. त्यांना नावं ठेवायला माझं तोंड नाही, मी पण केलंय.

यंदाच्या काही तारखा अजून रिकाम्या आहेत. काल एका ओळखीच्या कारखानदाराचा फोन आला, निम्मे माग भंगारात घातलेत म्हणाला, पोरीचं लग्न आहे, जमव कायतरी. त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.