बदली तास

चहाचा पहिला घोट घेतला की शिपाईमामा नेमके वही घेऊन येतात. "बाई, सही." तिसरा तास, आठवी ब, गणित. मी मराठीची. माझा गणिताशी संबंध मंडईतल्या हिशेबापुरता, आणि तिथंही भाजीवालीच बरोबर निघते.

मी जिना चढायच्या आत बातमी वर्गात पोचलेली. मला बघून मुलं एवढी खूश माझ्या स्वतःच्या तासाला कधी झाली नाहीत. "बाई, ग्राउंडवर सोडा ना!" पेठेतल्या शाळेचं ग्राउंड ते केवढं! तिथं आधीच दोन वर्ग धुमाकूळ घालत होते.

तेवढ्यात फळ्याकडे लक्ष गेलं. अर्धवट गणित, भोवती चौकट आणि वर 'पुसू नये'. अवयव पाडता पाडता सर बरोबरच्या चिन्हापाशी थांबलेले.

"सर म्हणाले, उद्या पूर्ण करू."

तो 'उद्या' चार दिवसांपूर्वीचा होता. सर इलेक्शन ड्युटीवर. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना इतर कामांना जुंपू नका म्हणतं खरं, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून. २०२४ मध्ये पुण्यात लोकसभेचं मतदान १३ मे रोजी होतं, तेव्हा शाळेला सुट्टी होती म्हणून निभावलं. विधानसभेचं आलं २० नोव्हेंबरला, दिवाळीची सुट्टी संपते न संपते तोच. आधी प्रशिक्षण, मग साहित्य ताब्यात घेणं, मग मतदान. इकडे आठवी ब रोज नव्या बाईंच्या ताब्यात. चित्रकलेच्या बाईंनी म्हणे गावांच्या भेंड्या लावल्या होत्या, त्या 'ळ' वर अडल्या.

मी उरलेल्या फळ्यावर शुद्धलेखन घेतलं. चौकटीला खडूही लागू दिला नाही. डस्टर फिरवताना पहिल्या बाकावरची मुलगी श्वास रोखून बघत होती. मला सरांचा हेवा वाटला. मी रजेवर गेले की माझं असं काय राखून ठेवतात मुलं?

पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न निघालं, दोन दिवस रजा. निघताना आठवी ब च्या फळ्यावर अर्धी म्हण लिहिली, मोठ्ठी चौकट आखली, वर 'पुसू नये'.

परत आले तर फळाभर समीकरणं. बदली तासाला गणिताचे सर आले होते.