आधी गाणी, मग विंडोज

लॅपटॉप संथ झाला की जो तो सांगतो, एसएसडी (फिरत्या डिस्कऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) टाकून घे. सल्ला बरोबरच आहे, पण माझं दुखणं नुसतं संथपणाचं नव्हतं. फाइल उघडताना आतून टक्‌टक्‌ आवाज यायचा आणि स्क्रीन जागच्या जागी अडकायची. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं, तर डिस्कच्या तब्येतीपुढे पिवळा रंग. पेंडिंग सेक्टरचा आकडा शून्य असायला हवा, तो नव्हता. काही जागा डिस्कला स्वतःलाच वाचता येत नव्हत्या.

त्या ५०० जीबीत सातबारे होते, कापसाच्या काटापावत्या होत्या, लग्नांचे फोटो होते. हे सगळं कुठून ना कुठून परत मिळालं असतं. परत न मिळणारी होती ती आजीनं म्हटलेली, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी. श्रावणात घरी रोट, म्हणजे कानबाईचा सण असताना रात्र जागवून रेकॉर्ड केलेली, सगळी अहिराणीत. आजी आता नाही.

चोपड्याहून जळगावला गेलो, गोलाणी मार्केटमधून १ टीबीची साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी आणि ती यूएसबीला जोडायची केबल घेतली. दुकानदार म्हणाला, "ठेवून जा भाऊ, संध्याकाळपर्यंत क्लोन करून देतो." क्लोन म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल. मी नको म्हटलं. सगळी डिस्क सलग वाचायला लावायची आणि ती मध्येच बसली, तर विंडोज अर्धं हाती येणार आणि गाणी कुठे असतील कोण जाणे. मरणाऱ्या डिस्कमधून आधी काय काढायचं हे दुकानदार ठरवू शकत नाही, ते घरच्यानंच ठरवायचं असतं.

म्हणून पहिल्यांदा फक्त गाण्यांचा फोल्डर एका बाहेरच्या ड्राइव्हवर घेतला. त्यासाठी विंडोजमधलीच, फाइली कॉपी करणारी रोबोकॉपी ही कमांड वापरली. एखादी फाइल वाचता आली नाही तर ती मुळात १० लाख वेळा प्रयत्न करत बसते, दर वेळी ३० सेकंद थांबून. खराब डिस्कला हे सोसणारं नाही. प्रयत्न एकच ठेवला, म्हणजे अडलेली फाइल सोडून ती पुढे जाते. एक गाणं अडलं, बाकीची आली.

मग पूर्ण डिस्क. सिस्टमरेस्क्यूचा (दुरुस्तीसाठीची लिनक्स सिस्टम) पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप त्यावरून सुरू केला आणि डीडीरेस्क्यूनं जुनी डिस्क थेट एसएसडीवर उतरवायला लावली. हा प्रोग्राम आधी चांगला भाग उचलतो, अडलेल्या जागांकडे नंतर वळतो, आणि कुठवर आलो याची नोंद वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागत नाही. आमच्याकडचा मे महिना म्हणजे दुपारी खोलीचा भट्टा होतो, म्हणून काम रात्री लावलं, लॅपटॉपची मागची बाजू उचलून आणि पंखा समोर ठेवून. सुरुवातीला आकडे भरभर पळाले. शेवटच्या थोड्याशा भागानं मात्र पहाटेपर्यंत दम काढला.

डिस्क बदलणं त्यामानानं सोपं. मागचे स्क्रू काढले, झाकण जुन्या एटीएम कार्डानं हळूहळू सोडवलं, आधी बॅटरीची वायर काढली. डिस्क सरळ मागे ओढायची, वर उचलायची नाही, नाहीतर कनेक्टर तुटतो. चौकट तीच, चार स्क्रू तेच.

विंडोज पहिल्या झटक्यात उघडलं. चेकडिस्क, म्हणजे फाइलींची मांडणी तपासून दुरुस्त करणारी विंडोजची कमांड, नव्या डिस्कवर चालवली. खराब डिस्कवर ती चालवणं म्हणजे उरलासुरला जीव घेणं. सी ड्राइव्ह मात्र जुन्याच आकाराचा दिसत होता, कारण रिकव्हरीचं पार्टिशन, म्हणजे विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा भाग, सी आणि मोकळी जागा यांच्या मध्ये आलेलं. पार्टिशन हलवणाऱ्या जीपार्टेड प्रोग्रामनं ते शेवटी सरकवलं आणि सी वाढवला.

फाइल दिसते म्हणजे ती वाजतेच असं नाही. म्हणून प्रत्येक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. आप्पा ओट्यावर होते, ते आत येऊन बसले. म्हणाले, "हाऊ मन्ही मायना आवाज शे." (हा माझ्या आईचा आवाज आहे.) मग उरलेली गाणी आम्ही दोघांनी ऐकली. रोबोकॉपीला न जमलेलं गाणं डीडीरेस्क्यूनं आणलं होतं; मध्ये एके ठिकाणी आवाज तुटतो, पण शब्द कळतात. ती ओळ आप्पांना पाठ होती. त्यांनी सांगितली तशी मी लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवली, आणि अख्खा फोल्डर धुळ्याच्या चुलतभावाकडे पाठवून दिला.