खांदा डावा का?

"जेवता उजव्या हातानं, सही उजव्या हातानं करता, मग रायफल डाव्या खांद्याला का?"

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या आमच्या मैदानावर रविवारी येणारी नवी मंडळी हे विचारतात. सुट्टीत पुण्याला गेलो आणि फोटो दाखवले की काका-मावश्याही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून आज सावकाश सांगतो. खेळ सुरू व्हायची शिट्टी वाजायच्या आत हे सांगून होत नाही.

खेळ एअरसॉफ्टचा. हा मूळ जपानचा. बंदुका खऱ्या रायफलींसारख्या दिसतात, पण त्यांतून सहा मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या गोळ्या सुटतात. झाडीत दोन संघ असतात, आणि गोळी लागली की आपणच हात वर करून 'हिट' म्हणायचं. इथल्या कायद्यानं बंदुकीची ताकद बांधून दिली आहे: ऑटोमॅटिक असेल तर १.३ ज्यूल, एकेक गोळी मारणारी असेल तर २.५ ज्यूल. डोळ्यांवर पक्का बंद गॉगल असल्याशिवाय मैदानात पाय ठेवायचा नाही.

आता उत्तर. माझा हात उजवा आहे, पण डोळा डावा आहे.

हे कळायला मला वीस वर्षं लागली. कॉलेजात असताना एका कॅम्पात पंचवीस यार्डांवरून पॉइंट टू टू रायफल चालवली. झोपून, पाच गोळ्या. उस्ताद मागून ओरडायचे, "बायीं आँख बंद!" माझा डावा डोळा एकटा मिटायचाच नाही. मिटायला गेलो की उजवाही अर्धा मिटायचा, गाल थरथरायचा, आणि ट्रिगर दाबायच्या ऐन क्षणी डावा पुन्हा उघडायचा. इतर मुलांच्या पाच गोळ्या वाटीत मावतील अशा शेजारी-शेजारी. माझ्यातल्या दोन कागदावर होत्या, त्याही पार डावीकडे. "ध्यान नहीं है तुम्हारा," एवढंच ते म्हणाले. मला ते खरं वाटलं. आपल्याला नेम नाही, हे मी मनाशी धरून टाकलं आणि पुढे जत्रेत फुगे फोडायलाही कधी बंदूक हातात घेतली नाही. आज मागे वळून पाहताना त्या मुलाबद्दल वाईट वाटतं. त्याचं लक्ष पूर्ण होतं. त्याला फक्त चुकीच्या डोळ्यानं बघायला लावलं होतं.

दोन्ही डोळे उघडे असताना मेंदू नेम धरण्यासाठी त्यांतल्या एकाचं म्हणणं जास्त मानतो. सुमारे दोन तृतीयांश लोकांत तो डोळा उजवा असतो, बाकीच्या बहुतेकांत डावा. हाताशी त्याची जोडी असेलच असं नाही. उजव्या हाताचा ताबा मेंदूच्या डाव्या भागाकडे, डाव्याचा उजव्या भागाकडे, ही वाटणी सरळ आहे. पण प्रत्येक डोळ्यातून निघालेले तंतू मेंदूच्या दोन्ही भागांत जातात. त्यामुळे हात आणि डोळा उलटसुलट असणारे पुष्कळ असतात, आणि नेम धरायची वेळ येईपर्यंत त्यांना पत्ताही नसतो.

अशा माणसानं रायफल उजव्या खांद्याला लावली आणि दोन्ही डोळे उघडे ठेवले तर काय होतं? दस्ता उजव्या डोळ्याखाली, पण नळीचं टोक लक्ष्याशी जुळवतो तो डावा डोळा. म्हणजे नळी आपोआप डावीकडे तिरकी होते. माझ्या त्या दोन गोळ्या डावीकडे का गेल्या, ते मला इथे, चाळिशीत कळलं.

एअरसॉफ्टमध्येही पहिले काही महिने मी उजव्या खांद्यावरच काढले. रेड डॉट, म्हणजे नेमाच्या जागी लाल ठिपका दाखवणारी साइट बसवली, पण तो ठिपका मला कधी ठळक, कधी पुसट दिसायचा, आणि घाईत तर नाहीसाच व्हायचा. मान दस्त्यावरून पलीकडे टाकून डाव्या डोळ्यानं बघून पाहिलं. मान दुखली, डोकं आडोशाबाहेर आलं आणि दर वेळी पहिली गोळी तिथेच बसली. मग कुणीतरी सुचवलं म्हणून गॉगलच्या डाव्या काचेवर अर्धपारदर्शक टेप लावली. कागदावर नेम मारायला हा उपाय चांगला आहे. पण झाडीत डावीकडून येणारा माणूसच दिसत नाही, आणि मी तर माझा चांगला डोळाच झाकला होता!

शेवटी एका जुन्या खेळाडूनं मला तपासलं. दोन्ही हात लांब करायचे, पंजे एकमेकांवर ठेवून मध्ये लहानसं भोक ठेवायचं, दोन्ही डोळ्यांनी त्यातून लांबचं झाड बघायचं आणि झाड नजरेतून न सोडता हात हळूहळू तोंडाकडे आणायचे. भोक ज्या डोळ्यापाशी येईल तो आपला डोळा. चार-पाच वेळा करून बघा, कारण काहींचा कल अगदी थोडाच असतो. माझे हात पाचही वेळा डावीकडे आले.

त्याच दिवशी मी खांदा बदलला. पहिले दोन महिने फार अवघड गेले. पायसुद्धा उलटे पडायचे. मी तेव्हा कारोय टाकाच या हंगेरियन सैनिकाची आठवण धरून राहिलो. १९३८ साली हातबॉम्बनं त्याचा उजवा हात निकामी केला. त्यानं डाव्या हातानं पिस्तूल शिकून १९४८ च्या लंडन आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. मला तर फक्त खांदा बदलायचा होता.

बंदूक उजव्यांसाठी बनवलेली असते, तिचं काय, असं पुढे विचारतात. खऱ्या रायफलीत ही अडचण गंभीर असते. रिकामी काडतुसं उजवीकडे उडतात, म्हणजे डाव्या खांद्यावाल्याच्या तोंडासमोरून. ब्रिटिश लष्कराची एसए-८० रायफल तर डाव्या खांद्यावरून चालवताच येत नाही. तिचा उजवीकडचा कॉकिंग हँडल (गोळी भरायला ओढायचा दांडा) गोळीगणिक मागे येतो आणि गालावर बसेल. त्यामुळे तिथे डावखुऱ्यालाही उजवा खांदाच शिकवतात. एअरसॉफ्टच्या बॅटरीवरच्या बंदुकीतून काडतूस उडत नाही. उलट एम-फोरसारख्या बंदुकीत गोळीला फिरकी देणाऱ्या हॉप-अपची चकती उजवीकडच्या खिडकीत असते, ती मला बंदूक न वळवता दिसते. एकेक गोळी की सलग, हे ठरवणारा सिलेक्टर डावीकडे, उजव्या अंगठ्यासाठी. मी डावा अंगठा पलीकडे न नेता त्याच बाजूला ठेवतो आणि त्यानंच तो फिरवतो. एके पद्धतीच्या बंदुकीत मॅगझिन (गोळ्यांची पेटी) सोडायचा खटका मधोमध असतो, तिथे डावं-उजवं होत नाही. बोल्टवाली स्नायपर घेऊन झोपलो तर मोकळ्या उजव्या हातानं बोल्ट ओढतो, डावं बोट ट्रिगरजवळच राहतं. तेवढं गॅसवाल्या बंदुकीचं सांभाळा, तिची गार वाफ गालाजवळ येते. आणि गाल झाकणाऱ्या जाळीच्या मास्कमुळे गाल दस्त्यावर नीट टेकत नाही, तेव्हा साइट थोडी उंच बसवून घ्या.

झाडाच्या डाव्या बाजूनं डोकावताना मी इतरांपेक्षा कमी दिसतो. उजव्या बाजूनं जास्त दिसतो, म्हणून तिथे अजूनही खांदा बदलायचा सराव करतो. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "म्हणजे सव्यसाची!" सव्य म्हणजे डावा. डाव्या हातानंही बाण मारणारा म्हणून अर्जुनाचं ते नाव.

मला खरी कळकळ आहे ती मुलांची. बंदूक हाती देण्याआधी डोळा तपासायला अर्धं मिनिट लागतं, तेवढं कुणी करत नाही. गेल्या महिन्यात एका मित्राची तेरा वर्षांची मुलगी पहिल्यांदा आली. नेमबाजीच्या पट्टीवर उजव्या खांद्यावरून दहा गोळ्या मारल्या, निशाणाच्या पत्र्यावर एकही नाही. डोळ्यांत पाणी. "मला जमत नाही काका." तिला पंजे जुळवायला सांगितले. हात सरळ डाव्या डोळ्यापाशी आले. मी तिची रायफल डाव्या खांद्याला लावून दिली आणि कोपर थोडं खाली घे म्हणालो. तिसऱ्या गोळीला पत्रा वाजला. मग तिनं मॅगझिन संपेपर्यंत कुणाला जवळ येऊ दिलं नाही.