कृपेनेच तारण, तर मंडळी कशाला?

विश्वास ही ज्याची त्याची गोष्ट असेल आणि तारण, म्हणजे पापातून सुटका, केवळ देवाच्या कृपेने मिळत असेल, तर दर रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाण्याची गरजच काय, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. विचारणाऱ्यांपैकी काहींचा ख्रिस्ती धर्माशी संबंध नसतो. देवाशी नाते एकांतातच जुळते, असे त्यांना मनापासून वाटते. काही मात्र आमच्याच मंडळीत वाढलेले, दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यातील विश्वास मोठेपणी स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गात प्रश्नोत्तरी, म्हणजे शिकवणीची लहान पुस्तिका, पाठ केलेले तरुण असतात, आणि त्यांचा प्रश्न अधिक टोकदार असतो, कारण आम्हीच शिकवलेला सिद्धान्त ते आमच्यापुढे ठेवतात. कर्मांनी तारण होत नाही असे जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची शिकवण मानणारी आमची ल्यूथरन मंडळी सांगते, मग उपासनेला हजर राहणे हेही एक कर्मच नव्हे का? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर उत्तर लिहिते आहे.

या प्रश्नातील अर्धा भाग मला पूर्णपणे मान्य आहे. मंडळीत जाऊन आम्ही देवाकडून काही कमावत नाही. उपस्थितीचा हिशेब वर कुठेतरी ठेवला जातो असे ज्याला वाटते, त्याने ल्यूथरने ज्या गोष्टीशी आयुष्यभर झुंज दिली तीच गोष्ट मागच्या दाराने पुन्हा घरात घेतली आहे. 25 जून 1530 रोजी सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर जी ऑग्सबर्गची विश्वासकबुली, म्हणजे ल्यूथरन विश्वासाचे मूळ निवेदन, वाचली गेली, तिच्या चौथ्या कलमात हे स्पष्ट म्हटले आहे की मनुष्य आपल्या बळाने, गुणांनी किंवा कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरत नाही; ख्रिस्तामुळे, विश्वासाच्या द्वारे, तो फुकट नीतिमान ठरवला जातो. मात्र तरुणांना मी नेहमी लगेच पुढचे पाचवे कलम वाचायला सांगते. हा विश्वास आम्हांला मिळावा म्हणून सुवार्ता (ख्रिस्तामुळे मिळणाऱ्या क्षमेची बातमी) सांगण्याची आणि संस्कार (बाप्तिस्मा, आणि प्रभुभोजन म्हणजे भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी) देण्याची सेवा स्थापन झाली आहे, असे ते कलम सांगते. म्हणजे विश्वास ही माझ्या मनात आपोआप उगवणारी गोष्ट नसून ती कोणाच्या तरी मुखातून आणि हातांतून माझ्यापर्यंत येते. ही कबुली ल्यूथरचा सहकारी मेलँक्थॉन याने लिहिली खरी, पण तिच्याखाली सह्या केल्या त्या काही राजांनी आणि न्यूरेंबर्ग व रॉइटलिंगेन या दोन नगरांच्या वतीने, धर्मगुरूंनी नव्हे. आमच्या विश्वासाचा मूळ दस्तऐवजच धर्मगुरू नसलेल्या सभासदांच्या सह्यांचा आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

देव घरी प्रार्थना ऐकत नाही का, असेही लोक विचारतात. ऐकतोच. अडचण त्याच्या ऐकण्याची नाही, माझ्या ऐकण्याची आहे. एकट्याने प्रार्थना करताना मी बोलत असते, आणि काही वेळाने मला जे उत्तर ऐकू येते ते संशयास्पद रीतीने माझ्याच आवाजात असते. मन प्रसन्न असेल तर मी स्वतःला सहज माफ करून टाकते. मन खचलेले असेल तर कितीही वचने आठवली तरी ती दुसऱ्यांसाठी असावीत असे वाटत राहते. या दोन्ही अवस्थांतून माणसाला बाहेरून आलेला शब्दच सोडवू शकतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल म्हणतो की विश्वास ऐकण्याने होतो, आणि ऐकण्यासाठी सांगणारा लागतो. आमची उपासना पापकबुलीने सुरू होते ती याचसाठी. आम्ही विचाराने, शब्दाने आणि कृतीने पाप केले आहे असे सगळे एकत्र म्हणतात, आणि मग पाळक आमच्याकडे तोंड करून ख्रिस्ताच्या आज्ञेने पापांच्या क्षमेची घोषणा करतात. ल्यूथरच्या लहान प्रश्नोत्तरीत खाजगी कबुलीचा जो भाग पुढे जोडला गेला, त्यात कबुली ऐकणारा समोरच्याला विचारतो की, माझी क्षमा ही देवाची क्षमा आहे असा तुझा विश्वास आहे का? एका माणसाने दुसऱ्याला असे विचारावे, हे धाडसाचेच आहे. पण त्या धाडसाविना सुवार्ता ही केवळ एक उदात्त कल्पना म्हणून उरते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. सर्व विश्वासणारे याजक आहेत, हे ल्यूथरने 1520 साली मांडले, आणि त्याचा अर्थ लोक असा घेतात की आता प्रत्येकजण स्वतःचा याजक झाला, मधला कोणी नको. वास्तविक स्वतःपुरता याजक ही कल्पनाच विसंगत आहे. याजक हा नेहमी दुसऱ्यासाठी असतो. त्या शिकवणीने मध्यस्थ कमी झाले नाहीत. एकमेकांसाठी प्रार्थना करण्याचे आणि एकमेकांना क्षमेचे वचन सांगण्याचे काम सगळ्यांवर आले. ल्यूथरने लिहिलेल्या श्मालकाल्डच्या कलमांत सुवार्ता आपल्यापर्यंत कोणकोणत्या मार्गांनी येते याची यादी आहे: उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, किल्ल्यांचा (चाव्यांचा) अधिकार म्हणजे पापांची क्षमा जाहीर करण्याचा वा रोखण्याचा अधिकार, आणि शेवटी बंधुजनांचे परस्परांशी बोलणे व परस्परांचे सांत्वन. हा शेवटचा मार्ग मला सगळ्यांत जवळचा वाटतो, आणि आमच्या मंडळ्यांत सर्वांत दुर्लक्षित राहिलेलाही तोच आहे. उपासना संपल्यावर दारात उभे राहून केलेल्या गप्पांत त्याची सुरुवात होऊ शकते, पण बहुधा त्या गप्पा तब्येत आणि मुलांच्या परीक्षांवरच थांबतात. वडील गेल्यानंतर बरेच महिने मला प्रार्थनेचे शब्द सुचत नसत. त्या काळात मंडळीतील एक वयस्क बाई दर रविवारी माझ्या शेजारी येऊन बसत आणि विश्वासांगीकार (उपासनेत सगळे मिळून म्हणतात ती विश्वासाची कबुली) थोडा मोठ्याने म्हणत. त्यांनी मला कधी उपदेश केला नाही. एकदा मात्र त्या म्हणाल्या, "तुला आज म्हणवत नसेल तर राहू दे, मी म्हणते आहे." पाचवा मार्ग म्हणजे काय ते मला त्यातून कळले, नंतर वाचलेल्या स्पष्टीकरणांनी त्यात फारशी भर घातली नाही.

विश्वास ज्याचा त्याचा, या वाक्याला ल्यूथरचा आधार नाही असेही नाही. मार्च 1522 मध्ये तो वार्टबुर्गच्या किल्ल्यातून विटेनबर्गला परतला, तेव्हा त्याच्या अनुपस्थितीत तेथील सुधारकांनी घाईघाईने सगळे बदलायला घेतले होते. मूर्ती हटवल्या जात होत्या, उपासनेची रीत बदलली होती, आणि जुन्या वळणाची साधी माणसे गोंधळून गेली होती. 9 मार्चला त्याने उपदेशांची मालिका सुरू केली आणि पहिल्याच उपदेशाच्या आरंभी सांगितले की मरण प्रत्येकाला एकट्यालाच गाठते, दुसऱ्याच्या वतीने कोणी मरू शकत नाही, म्हणून विश्वासाचे मर्म प्रत्येकाला स्वतःला ठाऊक असले पाहिजे. एवढ्यावर तो थांबला असता तर तुमचेच म्हणणे खरे ठरले असते. पण त्याच उपदेशात तो पुढे प्रीतीकडे वळतो आणि सुधारकांना बजावतो की तुमचे मुद्दे बरोबर असले तरी दुर्बळ भावाला मागे टाकून तुम्ही पुढे धावलात. बरोबर असणे पुरेसे नाही, ही गोष्ट सुधारणेच्या ऐन भरात, आपल्याच बाजूच्या लोकांना सांगणे सोपे नव्हते. मंडळीत राहण्यातला सगळ्यांत कठीण भाग मला हाच वाटतो. उपासनेच्या वेळेपासून गीतांच्या चालीपर्यंत कोणताही बदल करताना, ज्याला तो समजलेला नाही त्याच्यासाठी किती थांबायचे, याचे ठरीव उत्तर कुठल्याही कलमात नाही. ऑग्सबर्गच्या सातव्या कलमाने तर मानवी रूढी सर्वत्र सारख्या असण्याची गरज नाही असे सांगून मोकळीक दिली आहे. पण मोकळीक आली की वादही येतात.

वादांबद्दल थोडे मोकळेपणाने लिहिते, कारण मंडळी सोडून गेलेले बहुतेक लोक सिद्धान्तामुळे नव्हे, वादांमुळे गेलेले असतात. आमच्या समितीत एकदा शिल्लक रकमेवरून दोन तट पडले. छत गळत होते म्हणून एका गटाला दुरुस्ती हवी होती, आणि दुसऱ्या गटाचे म्हणणे होते की दीर्घ आजाराने कर्जात बुडालेल्या कुटुंबांना आधी मदत करावी. शब्द बरेच कठोर गेले. मतदान झाले, एक बाजू हरली, आणि पुढच्या रविवारी दोन्ही बाजूंचे प्रमुख प्रभुभोजनासाठी कठड्याशी शेजारीशेजारी गुडघे टेकून बसले. मत कोणी बदलले नव्हते, आणि तो प्रश्न आजही पुरता मिटलेला नाही. मला त्या दृश्यात फार सात्त्विक काही दिसले असे मी म्हणणार नाही. दोघेही एकमेकांकडे पाहत नव्हते. पण "तुमच्यासाठी दिलेले" हे शब्द दोघांना एकाच भाकरीबरोबर ऐकावे लागले, आणि त्यानंतर शत्रुत्व टिकवणे थोडे अवघड झाले, एवढे मी पाहिले आहे. उपासनेतील शांतीची देवघेव आम्ही अनेकदा नुसत्या हस्तांदोलनावर उरकतो. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू वेदीपाशी आणलेले दान तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगतो, हे लक्षात घेतले तर ती देवघेव उपासनेतील सर्वांत महाग जागा ठरावी.

पैशाच्या बाबतीत आमच्या पूर्वजांनी माणसांना फारसे संत मानले नव्हते, याचे मला कौतुक वाटते. 1523 साली सॅक्सनीतील लाइस्निग या लहान नगराच्या मंडळीने सामाईक पेटीची नियमावली केली आणि ल्यूथरने तिला प्रस्तावना लिहिली. मंडळीचे सगळे उत्पन्न एका पेटीत जमा करायचे आणि त्यातून पाळकांचा निर्वाह, शाळा, इमारतींची डागडुजी, अनाथ, वृद्ध आणि गरजू यांचा खर्च भागवायचा, अशी ती योजना होती. तिच्यावर दहा विश्वस्त निवडायचे: दोन सरदार, दोन नगरसभेचे, तीन नागरिक आणि तीन शेतकरी. पेटीला चार निरनिराळी कुलुपे होती आणि किल्ल्या चार वेगवेगळ्या गटांकडे असायच्या. ख्रिस्ती मनुष्य एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, हा ल्यूथरचा सिद्धान्त दृढीकरणाच्या वर्गात समजावताना मी त्या चार कुलुपांचे उदाहरण देते. शेजाऱ्यासाठी पेटी उघडायची, पण ती कोणा एकाच्या भरवशावर सोडायची नाही. त्याच वर्षी त्याच नगरासाठी ल्यूथरने असेही लिहिले की शिकवण पारखण्याचा आणि शिक्षक नेमण्याचा वा दूर करण्याचा अधिकार मंडळीला आहे. ज्या मंडळीत हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे समजले जाते, तिला हा वारसा ठाऊक नसावा.

घरोघरी भरणाऱ्या छोट्या बैठकांनी हे सगळे साधणार नाही का, असा एक मधला प्रस्ताव असतो. ल्यूथरलाही ती कल्पना सुचली होती. 1526 च्या जर्मन उपासनाविधीच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की मनापासून ख्रिस्ती होऊ इच्छिणाऱ्यांनी एखाद्या घरी जमावे, प्रार्थना व वाचन करावे. पण त्यासाठी लागणारी माणसे आपल्याजवळ अजून नाहीत, अशी पुस्तीही तो जोडतो. पुढे 1670 मध्ये श्पेनर या ल्यूथरन पाळकाने फ्रँकफर्टमध्ये अशा बैठका सुरू केल्या आणि त्यांतून पुष्कळ चांगले निघाले, तशी मंडळीच्या आत मंडळी तयार होते अशी तक्रारही निघाली. मी स्वतः अशा बैठकीला जाते. तिथे मोकळेपणाने बोलता येते, आजारपण आणि घरातले ताण सांगता येतात. पण तिथली माणसे मी निवडलेली असतात, आणि रविवारची माझ्यासाठी निवडली गेलेली असतात. ज्याचे राजकारण मला पटत नाही, ज्याचे गाणे बेसूर आहे, जो दरवेळी उशिरा येतो, त्याच्यासोबत एकच प्रभूची प्रार्थना म्हणणे मला आवश्यक वाटते, कारण "आमच्या" या शब्दात कोण येते हे ठरवणे तिथे माझ्या हातात राहत नाही.

ढोंगी लोकांविषयीची तक्रार खरी आहे आणि जुनीही आहे; ऑग्सबर्गच्या आठव्या कलमाने मंडळीत ढोंगी व दुष्ट मिसळलेले असतात हे उघड मान्य केले आहे. मात्र ज्यांना मंडळीतच खोल इजा झाली, अधिकाराचा गैरवापर सोसावा लागला, त्यांना हे कलम ऐकवणे निर्दयपणाचे आहे. त्यांनी परत यावे असे मी म्हणत नाही. आधी मंडळीने त्यांचे म्हणणे ऐकावे. शेजाऱ्याबद्दल चांगले बोलावे, सगळ्याचा बरा अर्थ लावावा, हे आठव्या आज्ञेचे (खोटी साक्ष देऊ नको) लहान प्रश्नोत्तरीतील स्पष्टीकरण कुजबूज थांबवण्यासाठी आहे, अन्याय झाकण्यासाठी नाही.

उलट बाजूनेही एक धोका असतो. काही मंडळ्या सभासदाची प्रत्येक संध्याकाळ मागतात: सराव, सभा, वर्ग, पुन्हा सभा. लहान प्रश्नोत्तरीत सकाळच्या प्रार्थनेनंतर आनंदाने आपल्या कामाला जा असे सांगितले आहे. मंडळीच्या कार्यक्रमांमुळे एखाद्याला आजारी आईजवळ बसायला वेळ उरत नसेल, तर कार्यक्रम कमी करावेत. त्याची देवाने दिलेली सेवा त्या खाटेजवळ आहे.

आता घरबसल्या पडद्यावर उपासना पाहता येते, मग तेवढे पुरे नाही का, हा तुमच्या प्रश्नाचा नवा फाटा आहे. ज्यांना घर सोडता येत नाही त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे, आणि ऐकलेले वचन पडद्यातून आले म्हणून कमी ठरत नाही. पण पडदा तुमची कबुली ऐकू शकत नाही, आणि तुमच्या हातात भाकर ठेवू शकत नाही. म्हणून अंथरुणाला खिळलेल्यांकडे पाळकांनी प्रभुभोजन घेऊन जायचे असते, आणि शक्य असेल तेव्हा त्यांच्यासोबत आणखी एखादा सभासद जातो, जेणेकरून तिथेही विश्वासांगीकार म्हणणारा दुसरा आवाज असावा. तुम्हांला मंडळीत यायचे नसेल आणि तरी हे कसे चालते ते पाहायचे असेल, तर पाळकांना विचारून अशा एखाद्या भेटीला सोबत चला.