गुडघ्याखालची उशी

सोमवार, रात्री. पाऊस दिवसभर.

आज फिजिओथेरपीच्या तीन घरभेटी: सदाशिव पेठ, कर्वेनगर, धनकवडी. तिन्ही घरांत खोलीत पाऊल टाकताच नजर गेली ती उशीवर. गुडघा बदललेल्या पायाच्या लवणीखाली नीट दुमडून ठेवलेली मऊ उशी. घरच्यांनी प्रेमानंच ठेवलेली असते, आणि पेशंटला तिनं बरं वाटतं हेही खरं. गुडघा साधारण 30 अंश वाकलेला असला की सांध्याच्या आवरणात सगळ्यात जास्त जागा असते. आत साठलेल्या पाण्याचा दाब उतरतो, ठणका कमी होतो. पण पहिले दोन-तीन आठवडे पाय रात्रंदिवस तसाच राहिला की मागचं आवरण आणि मांडीमागचे स्नायू त्याच लांबीला आखडतात. मग गुडघा पुरता सरळ होतच नाही.

सगळे विचारतात, "मांडी घालता येईल का?" सरळ होईल का, असं कुणीच विचारत नाही. मला मात्र पहिली काळजी त्याचीच. वाकण्यात दहा अंश कमी पडले तर माणूस खुर्चीवर बसतो, निभावून जातं. सरळ होण्यात दहा अंश राहिले तर पावलापावलाला भुर्दंड. नुसतं उभं राहतानाही मांडीच्या पुढच्या स्नायूला सुटी नाही, पाय आखूड पडल्यासारखा होतो, लंगडणं जात नाही आणि पुढे कंबर धरते.

म्हणून उशी गुडघ्याखालून काढायची आणि टॉवेलची घट्ट गुंडाळी घोट्याखाली द्यायची. गुंडाळी चार इंच जाड असावी, गुडघा मागून पूर्ण अधांतरी राहिला पाहिजे. बोटं छताकडे. पाऊल बाहेर कलंडलं की गुडघा हळूच वाकतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सुरुवातीला पाच मिनिटं, मग दहा, दिवसातून तीन-चार वेळा. लवणीत ताण येणारच, त्यासाठीच तर हे करायचं. डॉक्टरांनी दिलेली वेदनेची गोळी अर्धा-पाऊण तास आधी घेतली की हे सोसवतं.

त्याच स्थितीत मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा. पाच सेकंद धरायचा, सोडायचा, असं दहा वेळा. आकडे मोठ्यानं मोजायला लावते, कारण गप्प मोजणारे श्वास रोखून धरतात. गुडघ्याच्या वाटीच्या वर तळहात ठेवला की कळतं: स्नायू टणक व्हायला हवा, वाटी मांडीकडे सरकायला हवी. पुष्कळदा मांडी ढिलीच राहते आणि माणूस कुल्ला आवळत बसतो.

स्नायू जागाच होत नाही तेव्हा घरचे म्हणतात, "आई प्रयत्नच करत नाही." हे ऐकलं की फार वाईट वाटतं. सांध्यात सूज असली की त्या स्नायूला जाणारा हुकूमच मंदावतो, त्यात आईची ढिलाई नसते. आधी सूज उतरवा. गोठवलेल्या मटारचं पाकीट ओल्या फडक्यात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. गुडघ्यावर छान बसतं. फडकं हवंच, कारण टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर असते, बर्फानं भाजलं तरी समजत नाही. हे करताना पाय छातीपेक्षा वर, आधार सगळ्या पोटरीखाली आणि टाच गुडघ्याहून उंच.

धनकवडीच्या घरी तेलाची वाटी गरम करून तयार होती. शेक आणि मालिश पहिले काही आठवडे नको. शेकानं सूज वाढते. पोटरी चोळणं तर अजिबात नको, आत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती होऊ नये म्हणून जागेपणी दर तासाला पाऊल वर-खाली वीस वेळा. एकच पोटरी सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी सर्जनना फोन. एकाएकी धाप लागली, छातीत दुखलं तर फोनवर बोलत बसायचं नाही, 108 ला गाडी सांगून थेट रुग्णालय. ताप आला, जखमेतून पाणी यायला लागलं तर तेही दडवायचं नाही.

वाकणं. दुसऱ्या आठवड्याअखेर 90 अंशांच्या आसपास, सहाव्यापर्यंत 110 च्या पुढे, हे माझं गणित. सहा आठवड्यांनीही 90 नसतील तर मी सर्जनना कळवते, कारण भूल देऊन गुडघा वाकवायचा झाला तर त्यालाही वेळेची मर्यादा असते. पलंगावर टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवून टाच सरकवत आणायची, दहा-दहा वेळा. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा सुजलेला दिसला तर काल जास्त झालं. त्या दिवशी निम्मंच करायचं, बंद नाही करायचं. मांडी घालण्याचं म्हणाल तर पुण्यातच डॉ. कांतीलाल संचेती यांनी भारतीय रुग्णांसाठी 'इंडस' हा कृत्रिम गुडघा विकसित केला. कुठलाही गुडघा असला तरी जमिनीवर बसायचं की नाही ते ज्यांनी तो बसवला त्यांनाच विचारावं. गौरी-गणपतीत पाटावर बसायचा हट्ट असतोच. पूजा टेबलावर मांडा, देवाला चालतं.

वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. कर्वेनगरला ती दोन इंच खाली होती, म्हणून काकू पुढे झुकून चालत होत्या, आणि झुकलं की गुडघा वाकतोच. पायांची रबरंही झिजून गुळगुळीत झालेली. पावसात ओली शहाबादी फरशी आणि झिजलेलं रबर, याहून मोठी भीती नाही. पायपुसणी गुंडाळून ठेवली, बाथरूमच्या दाराशी सुकं फडकं मारायला सांगितलं. पुढे काठी आली की ती विरुद्ध हातात.

सदाशिव पेठेतला जिना अवघड आहे. पायऱ्या उंच आणि अरुंद, आधाराला लोंबता दोर. दोर झुलतो, तो आधार नव्हे. भिंतीला पक्का कठडा ठोकून घ्या म्हटलं. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा पाय, काठी त्याच्याबरोबर. वॉकर जिन्यावर न्यायचाच नाही.

तिथल्या आजोबांना पर्वती चढायची आहे, 103 पायऱ्या. चढण्याची मला चिंता नाही, उतरताना मांडीचा पुढचा स्नायू भार धरून हळूहळू सैल व्हावा लागतो, तिथेच गुडघा दगा देतो. काठी सुटली की चार इंची पाटावर ऑपरेशनच्या पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच जमिनीला टेकवायची आणि परत वर यायचं, शेजारी ओटा धरून. असं दहा वेळा, धप्प न पडता, जमायला लागलं की मग सहा इंच. पर्वतीचं त्यानंतर बोलू.

उद्या कर्वेनगरला जाताना वॉकरची चार रबरं घेऊन जायची.