डाव्या हाताचे शब्द

'स्ट्युअर्डेसेस' हा इंग्रजी शब्द नीट टायपिंग शिकलेला माणूस फक्त डाव्या हातानं टाइप करतो. अक्षरं 12, आणि उजव्या हाताला एकाचंही काम नाही. तेवढ्या वेळात त्यानं खुशाल चहाचा कप धरावा. अर्थ साधा, हवाई सुंदऱ्या. अर्थ आणि हात यांचा काडीचा संबंध नाही, आणि मला एका हाताचे शब्द शोधायच्या या खेळाची गोडी लागली ती त्यामुळेच.

टायपिंगच्या क्लासात बोटांना आधी ए-एस-डी-एफ-जी-एफ, सेमिकोलन-एल-के-जे-एच-जे घोटायला लावतात. पानंच्या पानं. डाव्या करंगळीच्या वाट्याला ए आलेला. सगळ्यात अशक्त बोट आणि दर शब्दाला हजर असणारं अक्षर! ई, टी, ए, आर, एस ही इंग्रजीत सतत लागणारी मंडळी सगळी डावीकडेच राहायला आहेत. त्यामुळे इंग्रजी टाइप करणं हा काही डाव्या हाताचा मळ नव्हे, डाव्या हाताची मजुरी आहे. आणि म्हणून डाव्या हाताचे शब्द लांबलचकही सापडतात. 'आफ्टरकॅटरॅक्ट्स' 14 अक्षरांचा. मोतीबिंदू काढल्यानंतर काही काळानं डोळ्यात पुन्हा जो पडदा धरतो, तो. 'स्वेटरड्रेसेस' हाही 14 अक्षरांचा, पण तो मला आवडत नाही. विक्रमासाठी दोन शब्द एकमेकांना बांधल्यासारखा वाटतो.

खरं रत्न म्हणजे 'टेसरॅडेकेड्स'. टेसरॅडेकेड म्हणजे चौदांचा गट. बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानात येशूची वंशावळ चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन गटांत सांगितली आहे, तशा गटांसाठी हा शब्द. आता त्याचं अनेकवचन इंग्रजीत लिहून अक्षरं मोजा. बरोबर 14. चौदा विद्या आणि चौदा रत्नं तोंडपाठ असलेल्या आपल्या माणसाला हे पाहून उगाचच घरचं कार्य असल्यासारखा आनंद होतो.

उजव्या हाताची कमाई बेताची. 'लॉलीपॉप' सगळ्यांना ठाऊक असतो. 'पॉलिफनी', म्हणजे अनेक स्वतंत्र सुरावटी एकाच वेळी गुंफणारं संगीत, 9 अक्षरांचं. एकट्या हातानं असा शब्द लिहावा ही गंमतच. 'हायपोलिम्नियन' 11 अक्षरांचा. खोल तलावात उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि हलकं होऊन वरच राहतं. तळाशी थंड, जड पाण्याचा जो थर उरतो, त्याचं हे नाव. वरचं आणि खालचं पाणी मिसळत नाही, म्हणून तिथे प्राणवायू कमी पडत जातो. एवढा सगळा तळ उजव्या हाताच्या चार बोटांत मावतो.

हात सोडून ओळी पाहिल्या तर वरच्या ओळीचा थाट वेगळा. 'टाइपरायटर' हा शब्दच वरच्या एका ओळीत लिहिता येतो. मिलवॉकीच्या ख्रिस्तोफर शोल्सचं यंत्र रेमिंग्टन कंपनीनं 1874 साली बाजारात आणलं, तेव्हा विक्रेत्यांना गिऱ्हाइकासमोर झटकन 'टाइपरायटर' लिहून दाखवता यावं म्हणून ही अक्षरं एका ओळीत आणली, असं सांगतात. पुरावा कोणी देत नाही. पण 1872 मध्ये छापून आलेल्या चित्रात वरच्या ओळीत आर नव्हता, त्या जागी टिंब होतं, हे खरं. आर नंतर वर आला. संशयाला जागा आहे खरी. ही इंग्रजी ओळ तिथून निघाली ती 1955 साली गोदरेजनं काढलेल्या देशी टाइपरायटरवरही तशीच आली.

'प्रोप्रायटर'ही त्याच ओळीतला, तोही 10 अक्षरांचाच. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर 'प्रोप्रा.' एवढाच उरलेला. म्हणजे टायपिंग क्लासच्या मालकाला आपला हुद्दा आणि आपलं यंत्र एकाच ओळीत लिहिता येतं. 'रप्चरवर्ट' 11 अक्षरांचा: अंतर्गळावर गुण येतो असा पूर्वी समज होता, ती वनस्पती. मधल्या ओळीत 'अल्फाल्फा'. नाव परदेशी, पण आपल्या गोठ्यात गाई-म्हशींपुढे टाकतात ती लसूणघास हीच. खालची ओळ मात्र ओसाड. तिथे स्वर एकही नाही, त्यामुळे इंग्रजीत शब्दही नाही.

आणि इथे मराठीनं मला चकित केलं. संगणकावर मराठीसारख्या भारतीय भाषा लिहायची इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी सरकारनं 1986 साली ठरवली. त्याच खालच्या ओळीत म, न, व, ल, स, य आणि अनुस्वार आहेत. आपल्या व्यंजनाच्या पोटात अ असतोच, त्यामुळे नमन, नयन, वलय, नवस, संयम सगळं तिथल्या तिथे उगवतं.

या मांडणीत स्वर आणि काना-मात्रा डावीकडे, व्यंजनं बहुतेक उजवीकडे. शब्द लिहिताना दोन्ही हात आळीपाळीनं चालतात, आणि हे योजून केलेलं आहे. इंग्रजीत असा शब्द नशिबानं मिळतो: 'प्रोफिशन्सी' किंवा 'ऑथेंटिसिटी' लिहून पाहा, दर अक्षराला हात बदलतो. मराठीत 'पाटी' लिहायला घ्या की झालंच सुरू.

मग एकट्या उजव्या हाताला काय उरतं? पहिलीच्या पुस्तकातली, काना-मात्रा येण्याआधीची भाषा. 'कप पकड, सरबत कर.' गडबड, लगबग, दगड, परत. सगळी घाई आणि आज्ञा. डाव्याकडे म, न, व, ण एवढीच व्यंजनं, पण सोबतीला जवळजवळ सगळ्या मात्रा. त्यामुळे त्याची भाषा ऐसपैस. विनवणी त्याची, मनमानीही त्याचीच. आई डाव्या हाताची. फक्त आ आणि ई वरच्या पट्टीतले असल्यानं शिफ्ट दाबायला उजव्यानं यावं लागतं. मामा, मामी दोघंही डावीकडे. काका, बाबा दोन्ही हातांत वाटलेले. अख्खं आजोळ डावीकडे बसवायचा माझा बेत होता. मावशीनं तो मोडला. तिचा श उजवीकडे निघाला, तोही शिफ्ट दाबून.